व्हर्च्युअल मशीनमधली मेमरी गळती : ओळखायची कशी, आवरायची कशी आणि पॅच खरोखर लागला का हे तपासायचे कसे

सुरक्षा-सूचनेत ‘होस्ट मेमरी लीक’ असा शेरा दिसला की बरेच अ‍ॅडमिन पुढच्या ओळीवर जातात. कोणी घुसत नाही, काही चोरीला जात नाही, थोडी मेमरी अडकून पडते एवढेच. पुढच्या मेंटेनन्समध्ये बघू. सर्व्हर एकट्याचा असेल तर हे धोरण खपून जाते. पण एकाच होस्टवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या खऱ्या संगणकावर, निरनिराळ्या लोकांची मशीन चालत असतील आणि प्रत्येकाला आपापल्या मशीनमध्ये रूट अधिकार असतील, तर ही अडकलेली मेमरी शेजाऱ्याचे मशीन बंद पाडू शकते. त्यासाठी शेजाऱ्याच्या मशीनला हातही लावावा लागत नाही.

हा लेख क्यूईएमयू (मशीनच्या उपकरणांची नक्कल करणारा प्रोग्राम), केव्हीएम (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) आणि लिबव्हर्ट (या दोन्हींना हाताळणारी सेवा) वापरणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे, कारण या प्रकारातल्या सर्वाधिक नोंदी मला तिथेच पाहायला मिळाल्या आणि सोर्स कोड उघडा असल्याने नेमके काय चुकले तेही दिसते. व्हीएमवेअरबद्दल जेवढे लागते तेवढे मध्ये येईल. कमांड आणि फाइलची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

गळती कुठे होते

केव्हीएमवरचे प्रत्येक व्हर्च्युअल मशीन होस्टच्या नजरेतून एक साधी क्यूईएमयू प्रोसेस असते. तिच्या मेमरीचे दोन भाग धरा. पहिला गेस्टला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणाऱ्या प्रणालीला, दिलेली रॅम. तिचा आकार ठरलेला असतो. दुसरा क्यूईएमयूचा स्वतःचा हीप, म्हणजे प्रोग्राम चालताना लागेल तशी मागून घेतो ती मेमरी. नेटवर्क कार्ड, यूएसबी कंट्रोलर, साउंड कार्ड, डिस्क, व्हीएनसी (मशीनची स्क्रीन दुरून दाखवणारी सोय) या सगळ्यांचे सोंग वठवण्यासाठी लागणारी जागा तिथून घेतली जाते आणि तिला जन्मजात मर्यादा नसते. गळती होते ती या दुसऱ्या भागात. म्हणून गेस्टच्या आत शिरून मेमरी पाहिली तर सगळे आलबेल दिसते. मोजमाप, आवर आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टी होस्टवरच्या त्या एका प्रोसेसवर करायच्या आहेत, हे पक्के धरले की पुढची बहुतेक गफलत टळते.

एक खरे उदाहरण घेऊ. सीव्हीई-२०१६-९१०१ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषांची क्रमांकवार यादी) ही नोंद इंटेलच्या जुन्या प्रो-१०० नेटवर्क कार्डाच्या नकलेतली आहे. कार्ड जोडताना, मायग्रेशनसाठी (मशीन दुसऱ्या होस्टवर हलवण्यासाठी) त्याची स्थिती कशी वाचायची याचे एक वर्णन हीपवर कॉपी केले जात असे. कार्ड काढताना ती कॉपी मोकळी करायची राहून गेली होती. दुरुस्ती एका ओळीची. २०१७ मधल्या ५५२५ आणि ५५२६ या दोन नोंदी एसी-९७ आणि ईएस-१३७० या साउंड कार्डांच्या. तिथे तर कार्ड काढताना चालणारे फंक्शनच लिहिलेले नव्हते. त्या दोन वर्षांत यूएसबी, सिरियल पोर्ट, एएचसीआय अशा उपकरणांत याच साच्याच्या चुका एकामागून एक सापडल्या. उपकरण जोडण्याचा रस्ता प्रत्येक जण तपासतो. काढण्याचा रस्ता फारसा कोणी चालून बघत नाही.

होस्टची मेमरी संपली की कर्नलचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी मोकळी करायला एखादी प्रोसेस मारणारी यंत्रणा, जागा होतो. तो कोण गळते आहे हे पाहत नाही. कोणी किती जागा अडवली आहे, हा त्याचा मुख्य निकष. परिणामी लहानसे गळके मशीन शाबूत राहते आणि होस्टवरचे सर्वांत मोठे मशीन, बहुधा कोणाचा तरी डेटाबेस, मारले जाते. घटनेनंतरचा अहवालही मग डेटाबेसच्या मागे लागतो.

पायरी १ : मेमरी अडकते आहे की तिच्यातला मजकूर बाहेर जातो आहे?

सूचनांमध्ये दोन अगदी वेगळे दोष जवळजवळ सारख्याच शब्दांत येतात. एकात घेतलेली मेमरी परत केली जात नाही; या कमकुवतपणाचा वर्ग सीडब्ल्यूई-४०१. दुसऱ्यात होस्टवरच्या प्रोसेसच्या मेमरीतला मजकूर गेस्टला वाचता येतो. तिथे सीडब्ल्यूई-१२५ किंवा सीडब्ल्यूई-२०० असे क्रमांक दिसतात. सूचना उघडल्यावर सर्वांत आधी हा क्रमांक शोधा, कारण इथून दोन्हींचे उपचार वेगळे होतात.

दुसऱ्या जातीचे ठळक उदाहरण म्हणजे सीव्हीई-२०१५-५१६५. रिअलटेक ८१३९ कार्डाच्या नकलेत आयपी पॅकेटची एकूण लांबी हेडरपेक्षा कमी असू शकते, याची तपासणी नव्हती. वजाबाकी शून्याखाली गेली की १६ बिटांचा आकडा उलटून ६५ हजारांच्या घरात पोचायचा आणि मग हीपमधला तेवढा मजकूर पॅकेटात भरून बाहेर पडायचा. त्यात मेमरीचे पत्ते असत. पत्ते हाती आले की पत्ते विस्कटून ठेवण्याचे संरक्षण निकामी होते आणि दुसऱ्या एखाद्या दोषाशी सांगड घालून गेस्टमधून होस्टवर उडी मारता येते. अशी सांगड ही केवळ प्रयोगशाळेतली करामत नाही. ४ मार्च २०२५ रोजी व्हीएमवेअरच्या उत्पादनांसाठी तीन नोंदी एकत्र जाहीर झाल्या. त्यातली सीव्हीई-२०२५-२२२२६ ही गेस्टमधल्या अ‍ॅडमिनला होस्टवरच्या व्हीएमएक्स प्रोसेसची मेमरी वाचू देणारी होती, आणि तिन्हींचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर झाल्याची माहिती असल्याचे कंपनीने सूचनेतच सांगितले होते.

मजकूर बाहेर जाणाऱ्या दोषात मेमरीचा आलेख ढिम्म हलत नाही, त्यामुळे खालच्या मोजमापाच्या पायऱ्या तिथे निरुपयोगी आहेत. तिथे मेंटेनन्सची वाट पाहायची नाही. दोष असलेले उपकरण मशीनमधून काढा, उदाहरणार्थ रिअलटेकच्या जागी व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच आखलेल्या उपकरणांचा प्रकार) कार्ड द्या, पॅच लावा, आणि त्या प्रोसेसकडे असलेल्या गुप्त गोष्टी बदला. व्हीएनसीचा पासवर्ड, एन्क्रिप्टेड डिस्कची किल्ली, नेटवर्क स्टोरेजचे क्रेडेन्शियल हे सगळे त्या हीपमध्ये असू शकते. प्रोसेसरच्याच पातळीवर मजकूर झिरपण्याचे प्रकार, जसे ऑगस्ट २०१८ मधले एल-१-टीएफ, हा आणखी निराळा विषय. त्याची स्थिती होस्टच्या सिस एफएसमधल्या ‘व्हल्नरेबिलिटीज’ फोल्डरमध्ये वाचता येते. इथे त्यात शिरत नाही.

इथून पुढे पहिली जात.

पायरी २ : सूचनेतून गळतीचा वेग काढा

सीव्हीएसएसचा, म्हणजे दोषाची तीव्रता दहापैकी सांगणारा, आकडा पाहून प्राधान्य ठरवण्याची सवय इथे दगा देते. गेस्टमध्ये रूट हवा, हल्ला स्थानिक, गोपनीयता आणि अचूकतेला धक्का नाही, उपलब्धतेवर पूर्ण परिणाम आणि तो गेस्टच्या हद्दीबाहेर होस्टवर : हे घटक ३.१ आवृत्तीच्या सूत्रात घातले की उत्तर ६.० येते. हद्द ओलांडली जात नाही असे धरले तर तोच आकडा ४.४ होतो. म्हणजे एकाच दोषाला दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर बहुधा मतभेद या एका घटकावर झालेला असतो. तुम्ही अनेकांची मशीन एका होस्टवर चालवत असाल तर ६.० वालाच तुमचा.

पण दोन्ही आकडे एक गोष्ट सांगत नाहीत : होस्ट किती वेळात भरेल. हा हिशेब स्वतः करावा लागतो, आणि तो सोपा आहे. एका घटनेला किती बाइट्स अडकतात, आणि गेस्टला ती घटना सेकंदाला किती वेळा घडवता येते, यांचा गुणाकार.

वरच्या प्रो-१०० कार्डात दर वेळी अडकणारी रचना शंभर बाइट्सच्या आसपासची. १ जीबी अडकवायला कार्ड सुमारे एक कोटी वेळा काढावे लागेल. दर सेकंदाला एकदा काढून पुन्हा जोडले, तरी ११५ दिवस लागतात. शिवाय काढलेले कार्ड परत जोडणे होस्टच्या बाजूने होते. तुम्ही ग्राहकाला पॅनेल किंवा एपीआय देऊन स्वतःच उपकरणे जोडू-काढू देत नसाल, तर हा धोका जवळपास कागदावरच राहतो. देत असाल, तर त्या एपीआयवर दर मिनिटाला किती वेळा जोडता येईल याची मर्यादा घाला. बाकी काही करण्याआधी एवढे झाले तरी पुष्कळ.

आता सीव्हीई-२०१६-८५७७ बघा. होस्टचा फोल्डर गेस्टला दाखवणाऱ्या ९पी फाइलप्रणालीत वाचनाच्या कामात दोन लहान रचना मोकळ्या करायच्या राहिल्या होत्या. वाचन हे गेस्टच्या हातातले काम, आणि ते लूपमध्ये घालता येते. शंभर बाइट्स आणि सेकंदाला दहा हजार वाचने धरली तर १ जीबी भरायला सतरा मिनिटांच्या आत-बाहेर लागतात. हे माझे धरलेले आकडे आहेत, मोजलेले नाहीत; पण ११५ दिवस आणि सतरा मिनिटे यांतले अंतर पुरेसे बोलके आहे. सीव्हीई-२०१६-५४०३ तर याहून बेरकी. तिथे काही विसरलेलेच नव्हते. व्हर्टआयओची रांग जेवढी लांब तेवढ्याच विनंत्या गेस्ट पाठवेल, हे गृहीत धरले होते. नियम मोडणारा गेस्ट जुन्या विनंत्या पुऱ्या होण्याची वाट न पाहता नव्या टाकत राहिला की क्यूईएमयू प्रत्येकीसाठी जागा घेत जायचे. दुरुस्तीत चालू विनंत्यांची मोजणी ठेवून रांगेच्या लांबीशी ताडून पाहायला सुरुवात झाली.

म्हणून माझी क्रमवारी अशी : रोजच्या वाचन-लेखनाच्या रस्त्यावरची गळती आधी, उपकरण काढण्याच्या रस्त्यावरची नंतर. आणि जे उपकरण तुमच्या एकाही मशीनमध्ये नाही त्याची गळती सर्वांत शेवटी, मग आकडा काहीही असो. कोणत्या मशीनमध्ये काय आहे हे व्हर्श या लिबव्हर्टच्या कमांड-साधनातल्या डंप-एक्सएमएल कमांडने, म्हणजे मशीनचे एक्सएमएल वर्णन पाहून, कळते. ते एकदा सगळ्या मशीनसाठी काढून ठेवा. कोणी मागितलेच नव्हते असे साउंड कार्ड आणि यूएसबी कंट्रोलर अर्ध्या यादीत सापडतील. मशीन तयार करणारी साधने ते आपणहून घालतात.

आणखी एक अट तपासा. तुमचे मशीन केव्हीएमशिवाय, नुसत्या टीसीजी अनुकरणावर (प्रोसेसरचीही सॉफ्टवेअरने नक्कल करून) चालत असेल, तर क्यूईएमयू प्रकल्प त्याला सुरक्षिततेची हमीच देत नाही. तसे मशीन अनोळखी माणसाला द्यायचेच नसते.

पायरी ३ : चालू प्रोसेस कोणत्या बायनरीची आहे?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

पॅकेज अपडेट केल्याने डिस्कवरची बायनरी बदलते. चालू असलेली क्यूईएमयू प्रोसेस मात्र जुनाच कोड मेमरीत घेऊन बसलेली असते. लिबव्हर्टची सेवा रीस्टार्ट केली तरी मशीन चालूच राहतात, म्हणजे कोडही जुनाच. आणि गेस्टच्या आतून रीबूट केले तरी होस्टवरची प्रोसेस तीच राहते. फक्त तिच्यातले आभासी यंत्र रीसेट होते. ‘सगळ्या ग्राहकांना रीबूट करायला सांगितले, पॅच पूर्ण’ असा शेरा ज्या रजिस्टरमध्ये आहे, त्या रजिस्टरमधली ती ओळ खोटी आहे.

तपासायचे कसे? प्रॉक फाइलप्रणालीत त्या प्रोसेसच्या फोल्डरमधली ‘एक्झी’ लिंक पाहा. तिच्या शेवटी ‘डिलीटेड’ असा शब्द आला तर ती प्रोसेस काढून टाकलेल्या जुन्या बायनरीवर चालते आहे. सगळ्या क्यूईएमयू प्रोसेसवर हे फिरवायला एक छोटी स्क्रिप्ट पुरते. आवृत्ती हवी असेल तर क्यूएमपीवरून, म्हणजे चालू क्यूईएमयूला आज्ञा देण्याच्या मार्गावरून, ‘क्वेरी-व्हर्जन’ विचारा. उत्तर खुद्द त्या प्रोसेसकडून येते आणि त्यात पॅकेजचे नावही असू शकते. व्हर्शची ‘व्हर्जन’ कमांड यासाठी वापरू नका. ती लिबव्हर्टला माहीत असलेली बायनरी सांगते, या विशिष्ट मशीनची नाही. व्हर्शमधून मॉनिटरला, म्हणजे याच मार्गाने क्यूईएमयूला, थेट कमांड पाठवली की लिबव्हर्ट त्या मशीनवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारते. घाबरू नका, तो फक्त लॉगमधला शेरा आहे.

आवृत्तीच्या आकड्यावर निकाल देऊ नका. डेबियन, रेड हॅट, उबुंटू हे सगळे जुनी आवृत्ती तशीच ठेवून दुरुस्ती मागे नेऊन बसवतात. मूळ प्रकल्पाच्या हिशेबाने दोष असलेला क्रमांक तुमच्याकडे दुरुस्त झालेला असू शकतो. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीई क्रमांक शोधा, किंवा त्या वितरणाच्या सुरक्षा पानावर बघा. मूळ क्रमांकांची तुलना करून लाल अक्षरांत यादी देणारी स्कॅनर साधने इथे हमखास खोटा गजर करतात.

मशीन टाइपमधला आकडा ही आणखी एक भूल. एक्सएमएलमध्ये ‘पीसी-आय४४०एफएक्स-२.६’ असे दिसले म्हणून २.६ चा कोड चालू आहे असे नाही. तो गेस्टला दिसणाऱ्या हार्डवेअरचा पिढीक्रमांक आहे, नव्या बायनरीवरही तोच राहतो. पॅच लावायच्या भरात तो बदललात, तर गेस्टला वेगळेच हार्डवेअर दिसेल आणि विंडोज गेस्टला पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागण्याचे निमित्त मिळेल.

पायरी ४ : मोजा, पण योग्य आकडा मोजा

प्रोसेसचा आरएसएस, म्हणजे तिने रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली जागा, वाढतो म्हणून गळती, हे अनुमान चुकीचे आहे. गेस्ट जसजसा आपल्या रॅमच्या नव्या पानांना हात लावतो तसा आरएसएस वाढतो, आणि गेस्टमधली लिनक्स कॅश ती सगळी रॅम कधी ना कधी वापरतेच. ८ जीबीचे मशीन दोन जीबीवरून आठवर चढले यात काही गैर नाही. बलूनने (गेस्टकडून मेमरी परत मागून घेणाऱ्या उपकरणाने) मेमरी परत घेतली तर आकडा खालीही येतो.

खरी मोजणी हवी तर गेस्टची रॅम आणि क्यूईएमयूचा हीप वेगळे करा. सोपा मार्ग असा : लिबव्हर्टच्या एक्सएमएलमधल्या मेमरी-बॅकिंगमध्ये रॅमचा स्रोत ‘मेम-एफडी’ ठेवा. मग गेस्टची रॅम प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये ‘आरएसएस-शेम’ या ओळीत जाते आणि ‘आरएसएस-अनॉन’ मध्ये मुख्यतः क्यूईएमयूचे स्वतःचे उरते. ह्यूज पेजेस (मेमरीची मोठ्या आकाराची पाने) वापरत असाल तर आणखी बरे. ती आरएसएसमध्ये धरलीच जात नाहीत. यातले काहीच नसेल, तर ‘एस-मॅप्स’ फाइलमधला गेस्टच्या रॅमएवढा सर्वांत मोठा पट्टा वगळून बाकीची बेरीज करा. किचकट आहे, पण चालू मशीनवर यापलीकडे उपाय नाही.

‘व्हीएम-स्वॅप’ ही ओळ त्यात मिळवायला विसरू नका. अडकलेल्या मेमरीला परत कोणी हात लावत नसल्याने कर्नल तिला सर्वांत आधी स्वॅपमध्ये ढकलतो. आरएसएस सपाट आणि स्वॅप चढता असा आलेख पाहून ‘गळती नाही’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे.

दर पाच मिनिटांनी ही बेरीज नोंदवा आणि किमान आठवडाभर पाहा. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीतला जागा वाटणारा मॅलॉक मोकळी झालेली जागा लगेच कर्नलला देत नाही, आणि ६४ बिट यंत्रावर प्रत्येक कोअरमागे आठपर्यंत वेगवेगळे साठे उघडू शकतो. बरेच आयओ थ्रेड असलेले मशीन त्यामुळे सुरुवातीला चढते आणि एका उंचीवर स्थिरावते. पठार आले तर ती गळती नव्हे. पायऱ्यांसारखा चढत राहिला आणि प्रत्येक पायरीला काहीतरी घडलेले सापडले, तर शंका खरी. क्यूएमपीचा ‘डिव्हाइस-डिलीटेड’ इव्हेंट, बॅकअपची वेळ, व्हीएनसी जोडल्याची नोंद, हे आलेखावर चढवून पाहा. सीव्हीई-२०१७-८३०९ मध्ये ध्वनी पकडणे वारंवार सुरू-बंद केल्यावर मेमरी अडकायची. असली गोष्ट नुसता आलेख पाहून कधीच लक्षात येणार नाही.

कोणते फंक्शन जागा घेऊन परत देत नाही हे चालू प्रोसेसवरच पाहायचे असेल तर बीसीसी या तपास-साधनांच्या संचातले ‘मेमलीक’ हे साधन त्या प्रोसेसला जोडता येते. ते प्रत्येक जागावाटपावर नजर ठेवत असल्याने मशीन जाणवण्याइतके मंदावते. कमी गर्दीच्या वेळी काही मिनिटांपुरतेच लावा.

पायरी ५ : पॅच येईपर्यंत आवर घाला

पहिला उपाय फुकटचा आहे. नको ती उपकरणे काढून टाका : साउंड कार्ड, फ्लॉपी, वापरात नसलेला यूएसबी कंट्रोलर, जुन्या धाटणीची नेटवर्क कार्डे. मे २०१५ मध्ये गाजलेला ‘व्हेनम’ हा दोष फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होता, आणि फ्लॉपी तोवर कोणी वापरत नव्हते. तोच दोष हेही शिकवून गेला की एक्सएमएलमधून फ्लॉपीचा ड्राइव्ह काढला तरी काही मशीन टाइपमध्ये कंट्रोलरचा कोड पोचण्याजोगाच राहतो. काढल्यावर गेस्टमधून खरेच दिसेनासे झाले का, ते पाहा.

दुसरा उपाय सीग्रुपची, म्हणजे कर्नलने प्रोसेसच्या गटाला घातलेली, मर्यादा. लिबव्हर्टच्या मेमट्यूनमधली हार्ड लिमिट सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मेमरी-मॅक्स’ वर जाते. ती ओलांडली की त्याच सीग्रुपमधली प्रोसेस मारली जाते, म्हणजे गळणारे मशीनच पडते, शेजारी वाचतो. आपल्याला हवे ते हेच. मात्र लिबव्हर्टचे दस्तऐवज स्वतःच बजावतात की क्यूईएमयूसाठी ही मर्यादा लावू नका, कारण प्रोसेसला नेमकी किती मेमरी लागेल हे आधी सांगता येत नाही. इशारा योग्य आहे. तरीही अनोळखी ग्राहकांच्या होस्टवर मी ती लावतो, पण सढळ हाताने : गेस्टची रॅम, अधिक पायरी ४ मध्ये मोजलेल्या क्यूईएमयूच्या स्वतःच्या कमाल वापराच्या दुप्पट, आणि ती वरची सूट कधीच १ जीबीपेक्षा कमी नाही. मोजमाप हाती नसेल तर मर्यादा लावू नका. निरोगी मशीन बॅकअपच्या वेळी मारले जाईल आणि हल्लेखोराचे काम तुम्हीच केलेले असेल.

ह्यूज पेजेस असतील तर ती नेहमीच्या मांडणीत या मर्यादेत मोजली जात नाहीत. तेव्हा फक्त हीपपुरती, बरीच घट्ट मर्यादा ठेवता येते. भौतिक पीसीआय उपकरण थेट गेस्टला दिलेले असेल तर जपून, कारण हार्ड लिमिटचा आकडा लिबव्हर्ट मेमरी लॉकच्या मर्यादेसाठीही वापरते.

मर्यादा लावल्यावर त्या सीग्रुपमधली ‘मेमरी-इव्हेंट्स’ फाइल मॉनिटरिंगला जोडा. तिच्यातला ‘मॅक्स’ हा आकडा वाढू लागला की मशीन मरण्याआधी इशारा मिळतो.

एसईलिनक्सची एस-व्हर्ट कप्पेबंदी किंवा सेककॉम्प सँडबॉक्स गळती थांबवत नाहीत. त्यांचे काम क्यूईएमयू ताब्यात गेल्यावर पुढचे नुकसान रोखण्याचे आहे. ते चालू असावेतच, पण या दोषाच्या रकान्यात ‘उपाय केला’ म्हणून त्यांची नोंद करू नका. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले, क्यूईएमयूऐवजी वापरायचे फायरक्रॅकरसारखे पर्याय सुचवणारेही भेटतील. तिथे मोजकीच उपकरणे असल्याने दोषाला जागा कमी, हे खरे. पण मेमरी मोकळी न करणे हे रस्टच्या सुरक्षिततेच्या व्याख्येत बसते. गळणारा कोड तिथेही विनातक्रार कंपाइल होतो.

पायरी ६ : प्रोसेस बदला

पॅकेज अपडेट झाले. आता प्रत्येक जुनी प्रोसेस संपून तिच्या जागी नवी यायला हवी. मार्ग तीन.

लाइव्ह मायग्रेशन सर्वांत सुखाचे. आधी एक होस्ट रिकामा करून अपडेट करा, मग दुसऱ्यावरची मशीन त्यावर हलवा. पलीकडे नवी प्रोसेस उभी राहते आणि गेस्टची रॅम व उपकरणांची स्थितीच तेवढी प्रवास करते. हीपमध्ये अडकलेला कचरा मागेच राहतो आणि जुनी प्रोसेस संपताच कर्नल तो परत घेतो. गळती चालू असलेल्या मशीनला तात्पुरता श्वास द्यायलाही हाच उपाय चालतो, पॅच आलेला नसला तरी.

दुसरा होस्ट नसेल तर व्हर्शचे ‘मॅनेज्ड-सेव्ह’ आणि मग ‘स्टार्ट’. मशीनची स्थिती डिस्कवर जाते, प्रोसेस संपते, आणि सुरू करताना नव्या बायनरीची प्रोसेस ती स्थिती वाचते. गेस्ट रीबूट होत नाही, फक्त काही वेळ गोठतो. रॅम मोठी असेल तर हा वेळ मिनिटांत जातो, डिस्कवर तेवढी जागाही लागते, आणि गेस्टचे घड्याळ मागे पडते; उठल्यावर वेळ जुळवायची सोय आहे का, ते आधी बघा.

तिसरा मार्ग होस्टकडून पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणे. थेट दिलेली पीसीआय उपकरणे असलेल्या मशीनसाठी बहुधा हाच उरतो.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवर बहुतेक वेळा होस्टच अपडेट करून रीबूट करावा लागतो, तेव्हा मशीन आधी व्ही-मोशनने (व्हीएमवेअरच्या लाइव्ह मायग्रेशनने) हलवणे ओघानेच येते आणि जुनी प्रोसेस मागे राहण्याचा प्रश्न सहसा उरत नाही. डेस्कटॉपवरच्या व्हर्च्युअलबॉक्समध्येही अपडेटआधी मशीन बंदच करायची असतात. एक्स्टेंशन पॅक तेवढा त्याच आवृत्तीचा घ्या.

पायरी ७ : गळती थांबल्याची खात्री

ग्राहकाच्या मशीनवर नव्हे, टाकाऊ चाचणी-मशीनवर. संशयित उपकरणाचे एक्सएमएल वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि व्हर्शच्या ‘अटॅच-डिव्हाइस’, ‘डिटॅच-डिव्हाइस’ या कमांड लूपमध्ये फिरवा. काढण्याची कमांड ही फक्त विनंती असते; गेस्टने मान्य केल्यावरच उपकरण निघते. तेव्हा प्रत्येक फेरीत ‘डिव्हाइस-डिलीटेड’ इव्हेंट येईपर्यंत थांबा, नाहीतर पुढची जोडणी ‘हे नाव आधीच आहे’ म्हणून अडेल आणि तुमच्या पाचशे फेऱ्यांपैकी खऱ्या मोजक्याच झालेल्या असतील. गेस्ट पूर्ण बूट झालेला हवा. क्यू-३५ मशीन टाइपमध्ये चालू मशीनला उपकरण जोडायचे तर रिकामा पीसीआय-एक्स्प्रेस रूट पोर्ट आधीच ठेवावा लागतो.

पहिल्या काही डझन फेऱ्या मोजणीतून वगळा, त्यात मॅलॉकचे साठे भरतात. मग शंभराव्या, हजाराव्या, पाच हजाराव्या फेरीला आरएसएस-अनॉन आणि व्हीएम-स्वॅपची बेरीज घ्या. दर फेरीला शंभर बाइट्स अडकत असतील तर पाच हजार फेऱ्यांत जेमतेम अर्धा एमबी होतो. तो नेहमीच्या चढउतारात बुडून जाईल. इतकी बारीक गळती पकडायची तर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू करून क्यूईएमयू स्वतः बांधा आणि मोजक्या फेऱ्यांनंतर प्रोसेस नीट बंद करा. त्यासोबत येणारा लीक सॅनिटायझर कोणत्या ओळीने जागा घेतली ते फंक्शनच्या साखळीसह छापतो. जुन्या आणि नव्या बायनरीवर तीच चाचणी चालवा. जुन्यावर गळती दिसली नसेल, तर नव्यावर न दिसण्याला काही अर्थ नाही.

मग रजिस्टर भरा. पॅकेजच्या तारखेऐवजी प्रत्येक मशीनच्या प्रोसेसची सुरू होण्याची वेळ नोंदवा. ती वेळ बायनरी बदलल्याच्या वेळेनंतरची असलेल्या मशीनपुढेच दोष ‘बंद’ लिहा. उरलेली मशीन नावानिशी यादीत उघडी ठेवा, आणि ‘डिलीटेड’ शोधणारी ती स्क्रिप्ट रोज चालवायला लावा, म्हणजे पुढच्या सीव्हीईच्या वेळी हीच यादी आपोआप तयार मिळेल.